विनोदी कवितेतला 'मी' स्वतःचंच म्हणणं का खोडतो?

तुमचा प्रश्न असा, की विनोदी कवितेत बोलणारा 'मी' एका ओळीत एक सांगतो आणि पुढच्या ओळीत भलतंच. ही कवीची चूक समजायची का?

बहुतेक वेळा खरी कविता तिथेच असते. मी सोलापुरात मराठी शिकवतो. वर्गात हे समजावताना एकनाथांच्या 'सत्वर पाव गे मला' या भारुडापाशीच मी दरवेळी येतो. सून भवानीला नवस बोलतेय. रोडगा वाहीन म्हणते, आणि मागते काय? सासरा गावी गेलाय तो तिकडेच खपव, नणंदेच्या पोराला खरूज होऊ दे. हात भक्तीने जोडलेले, मागणं घर रिकामं करण्याचं. त्यात रोडगा म्हणजे निखाऱ्यावर भाजलेला कणकेचा जाड गोळा. अख्ख्या घराच्या बदल्यात एवढंच! हा हिशेब तिच्या ध्यानात येत नाही, ऐकणाऱ्याच्या येतो. म्हणूनच लुगडं नेसून भारूड करणाऱ्याने अगदी कळवळून मागायला हवं. तो स्वतः हसला की सोंग मोडतं.

शेवटी 'एका जनार्दनी' ही नाममुद्रा, म्हणजे कवीने ओळीत गुंफलेलं स्वतःचं नाव, येते आणि 'एकटीच राहू दे मला' हे मागणं नाथांचंही होतं. सासू-सासरे म्हणजे प्रपंचाचे पाश, असा अर्थ लावतात, तो पटतोच. पण मला जास्त भिडतं ते हे, की एकटं राहू दे म्हणणारे नाथ (१५३३–१५९९) पैठणला बायकामुलांत राहिलेले गृहस्थ होते.

अत्र्यांच्या 'आम्ही कोण?' या विडंबनाची तऱ्हा वेगळी. केशवसुतांच्या (१८६६–१९०५) त्याच नावाच्या कवितेतले कवी स्वतःला देवाचे लाडके म्हणवतात. अत्र्यांचा कवी त्याच थाटात मासिकात छापलेला आपला फोटो पुढे करतो. मोठेपणा सांगता सांगता तो लहान होत जातो. मूळ कविता कानात नसेल तर यातलं निम्मं निसटतं, म्हणून आधी ती मोठ्याने वाचा.

 

तुमच्या कवितेत अशा दोन ओळी सापडल्या, तर दोन्हींखाली पेन्सिलीने रेघ मारा आणि विचारा: ही विसंगती बोलणाऱ्याला कळली आहे का? अत्र्यांच्या कवीला कळलेली नाही. भारुडातल्या सुनेलाही नाही. नाथांना मात्र पुरती कळली आहे, आणि तरीही त्यांनी आपलं नाव तिच्याच ओळीत घातलं आहे.