सोलो की नुसती स्केल?

प्रश्न : दीड वर्षं गिटारवर जॅझ शिकतोय. स्केल्स पाठ आहेत, पण सोलो घ्यायला गेलो की नुसती स्केल वर-खाली केल्यासारखं वाटतं. काय चुकतंय?

उत्तर : माझंही बरीच वर्षं हेच होत होतं. कोणते सूर चालतील एवढंच स्केल सांगते. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट, कुठे वळली ते सांगत नाही. आणि कानाला हवं असतं ते नेमकं ते वळण.

डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन हा क्रम घ्या. प्रत्येक कॉर्डचा फक्त तिसरा आणि सातवा सूर (तिच्या मूळ सुरापासून मोजलेला) वाजवा. पहिल्या कॉर्डमध्ये एफ आणि सी. जी सेव्हन आली की एफ जागेवरच राहतो, सी अर्ध्या सुराने उतरून बी होतो. सी मेजरवर बी तसाच, एफ उतरून ई. दोनच सूर, पण सगळी कॉर्ड ऐकू येते! हे उमगलं त्या रात्री मी तासभर तेवढंच वाजवत बसले होते.

मग या सुरांवर येऊन टेकणारी छोटी वाक्यं रचा. आधी गा, नंतर वाजवा. बोटं सवयीच्या जागी पळतात, गळा पळत नाही. मेट्रोनोम (ठरावीक लयीत टिकटिक करणारं यंत्र) मिनिटाला ६०वर लावा आणि त्याची टिकटिक दुसरी-चौथी मात्रा धरा. लय १२०ची होईल. पट्टी (की) आठवड्याला एकच. शिवाय आवडत्या वादकाचे चार बार (मात्रांचे गट) कानाने उतरवून घ्या, तो थांबतो त्या जागांसकट.