क्लच दाबूनही गिअर पडत नाही

प्रश्न : गाडीचा पाच गिअरचा जुना गिअरबॉक्स काढून त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलचा बसवला आहे. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग नवीन आहेत. तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा स्लेव्ह सिलिंडर नव्या गिअरबॉक्सबरोबर आलेलाच ठेवला, पेडलकडून ते तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर मूळ गाडीचा आहे. इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात. इंजिन चालू केलं की पहिला पडत नाही आणि रिव्हर्स टाकताना जोरात खरखर होते. दोनदा ब्लीड केलं, म्हणजे तेलातली हवा काढली. पेडल घट्ट पण हलकं लागतं. गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागेल का?

उत्तर : एवढ्यात उतरवू नका. इंजिन बंद असताना गिअर पडतात, म्हणजे लिंकेज (गिअर लिव्हरची जोडणी) ठीक आहे. क्लच पूर्ण सुटत नाही, एवढाच अर्थ. दोष बेल हाउसिंगच्या (क्लच झाकणाऱ्या गिअरबॉक्सच्या कवचाच्या) बाहेर आहे की आत, हे एका मापावरून कळतं. एकाला पेडल तळापर्यंत दाबायला सांगा आणि स्लेव्हचा पुशरॉड (ढकलणारा दांडा) किती मिलिमीटर सरकतो ते मोजा. हे माप न घेता गिअरबॉक्स उतरवला, तर नवे सुटे भाग जसेच्या तसे परत बसतात आणि तक्रार कायम राहते.

तुमच्या वर्णनावरून पहिला संशय सिलिंडरच्या जोडीवर आहे. स्लेव्हची चाल म्हणजे मास्टरची चाल गुणिले दोन्ही बोअरच्या (सिलिंडरच्या आतल्या पोकळीच्या) क्षेत्रफळांचं गुणोत्तर, मास्टर भागिले स्लेव्ह. समजा मास्टरचा बोअर १५.८७ मिमी आहे आणि त्याचा पिस्टन ३० मिमी सरकतो. स्लेव्ह १९.०५ मिमीचा असेल तर पुशरॉड जवळजवळ २१ मिमी जातो. तोच स्लेव्ह २२.२२ मिमीचा असेल तर जेमतेम १५ मिमी. रिलीज बेअरिंग ९ मिमी सरकायला हवं आणि ते ढकलणाऱ्या फोर्कचं गुणोत्तर २ असेल, तर पुशरॉडची गरज १८ मिमीची आहे. पहिल्या जोडीत क्लच सुटेल, दुसरीत कधीच नाही, कितीही ब्लीड केलं तरी. मोठ्या स्लेव्हमुळे पेडल हलकं लागतं, आणि तुम्ही नेमकं तेच लिहिलं आहे. बोअरचं माप बहुतेक वेळा सिलिंडरच्या अंगावर कोरलेलं असतं. नसेल तर खोलून कॅलिपरने मोजा, नुसत्या अंदाजावर मास्टर बदलू नका.

हिशेबापेक्षा चाल कमी भरली, तर पुढचं बघा. ब्लीड निपल (हवा सोडण्याचं तोंड) स्लेव्हच्या सर्वांत वरच्या बाजूला आहे का? दुसऱ्या मॉडेलचा स्लेव्ह उलटा बसला तर निपल खाली जातं आणि हवा वर अडकून राहते. मग स्लेव्ह सोडवून निपल वर येईल असा धरा, पुशरॉड पूर्ण आत दाबून ठेवा आणि तसंच ब्लीड करा. पेडल दाबताना मास्टर जिथे बोल्ट केला आहे तो पत्रा पुढे सरकतो का, तेही बघा. तिथे २ मिमी गेले तर स्लेव्हला ते मिळतच नाहीत. रबरी होज फुगतो का, हे हातात धरून कळतं. मास्टरच्या पुशरॉडला थोडा फ्री प्ले (मोकळी चाल) हवाच. पण तो शून्य करून जास्त चाल मिळवायला जाऊ नका. पेडल सोडल्यावर तेल टाकीत परतण्याचं छिद्र बंद राहतं, दाब अडकतो आणि क्लच घसरू लागतो.

चाल पुरेशी भरली तर दोष आत आहे. खात्रीसाठी चालवणारं एकच चाक उचलून स्टँडवर घ्या. बाकी चाकांना अडण्या लावा, इंजिन बंद, चौथा गिअर. दोन्ही चाकं उचलली तर डिफरन्शियलमुळे एक चाक फिरवताना दुसरं उलटं फिरतं आणि परीक्षा फसते. पेडल दाबून उचललेलं चाक हाताने फिरवा. मोकळं फिरलं तर क्लच सुटतो आहे. फिरताना आलटून पालटून जड-हलकं लागलं तर प्लेट वाकलेली आहे. गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट प्लेटच्या स्प्लाइनमध्ये (मधल्या खाचांमध्ये) असताना गिअरबॉक्सचं वजन तिच्यावर लोंबकळू दिलं की हे होतं. सुरुवातीला मोकळं फिरून मिनिटभरात जड झालं, तर मास्टरचं सील आतल्या आत गळतंय, तो दोष पुन्हा बाहेरचाच. अजिबात फिरत नसेल तर प्लेट उलटी बसली असण्याची शक्यता मोठी आहे. हबचा (प्लेटच्या मधल्या भागाचा) फुगीर भाग, स्प्रिंगांची बाजू, साधारणपणे प्रेशर प्लेटकडे असते आणि फ्लायव्हीलकडची (इंजिनच्या जड चाकाकडची) बाजू प्लेटवर लिहिलेली असते. उलटी बसली की हब फ्लायव्हीलच्या बोल्टवर टेकतो.

आणखी एक गोष्ट सर्रास राहून जाते : डॉवेल पिना, म्हणजे जागा पक्की करणाऱ्या खुंट्या. गिअरबॉक्स इंजिनच्या मध्यरेषेवर बसतो तो डॉवेलमुळे, बोल्टमुळे नाही. त्या राहिल्या किंवा दबल्या तर प्लेट सुटूनही शाफ्ट ओढला जातो. बेल हाउसिंग हाताने पूर्ण टेकत नसेल तर थांबा आणि कारण शोधा. बोल्ट आवळून ते ओढून घेणं म्हणजे प्लेट किंवा पायलट बेअरिंग (क्रँकशाफ्टच्या टोकातलं, इनपुट शाफ्टचं टोक पेलणारं) खराब करणं आहे.

प्रश्न : ऑटोमॅटिक काढून मॅन्युअल बसवलं. स्लेव्हची चाल बरोबर आहे, प्लेटही सरळ बसवली आहे. तरी रिव्हर्स खरखरतो.

उत्तर : पायलट बेअरिंग बघा. ऑटोमॅटिकच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या टोकाला ते नसतंच, आणि काही क्रँकमध्ये त्यासाठीचं भोकही पूर्ण कोरलेलं नसतं. बेअरिंग किंवा बुश घट्ट असेल, किंवा शाफ्टचं टोक भोकाच्या तळाला टेकत असेल, तर प्लेट सुटली तरी क्रँक इनपुट शाफ्टला सोबत फिरवतं. इंजिन बंद ठेवून बेल हाउसिंगचे बोल्ट १ ते २ मिमी सारखे ढिले करा आणि वर सांगितल्याप्रमाणे चाक फिरवा. आता मोकळं फिरलं तर अडचण इथेच आहे. गिअरबॉक्स उतरवून भोकाची खोली आणि शाफ्टच्या टोकाची लांबी मोजा. दोन्हींत काही मिलिमीटर अंतर उरायला हवं. बुश ठोकून बसवल्यावर आतून आकसतो, म्हणून शाफ्टचं टोक बसवण्यापूर्वी नाही, बसवल्यानंतर त्यात घालून बघा.

प्रश्न : शाफ्टभोवती बसणारा गोल स्लेव्ह आहे. बेअरिंग आणि प्रेशर प्लेटच्या फिंगरमध्ये (बेअरिंग दाबतं त्या पट्ट्यांमध्ये) किती अंतर ठेवू?

उत्तर : प्रेशर प्लेट आवळल्यावर इंजिनच्या टेकणाऱ्या तोंडापासून फिंगर किती बाहेर आहेत ते मोजा. मग पिस्टन पूर्ण दाबून बेल हाउसिंगच्या तोंडापासून बेअरिंग किती आत आहे ते मोजा. दुसऱ्यातून पहिलं वजा करा. उत्पादकाने वेगळं सांगितलं नसेल तर ३ ते ५ मिमी उरायला हवेत. प्लेट झिजते तशा फिंगर बेअरिंगकडे सरकतात, ही जागा त्यासाठी. कमी उरली तर पुढे क्लच घसरेल. जास्त असेल तर पिस्टन सीलसकट बाहेर येऊ शकतो. तेव्हा स्लेव्हखाली योग्य जाडीचा शिम (पातळ चकती) घाला.