जुन्या पोथीच्या वयाबद्दल कुणी भलता दावा केला, तर अभ्यासकांनी तो जाहीरपणे खोडून काढावा का?

हो, खोडून काढावा. 'उत्तर दिलं की दाव्याला उगाच मोठेपणा मिळतो' हे मीही ऐकलंय, पण मला पटत नाही.

मी मराठवाड्यात गावोगावच्या घरांतल्या पोथ्या बघत फिरतो. सगळ्यात जास्त दिसणारी चूक अगदी साधी असते. ज्ञानेश्वरीच्या शेवटी 'शके बाराशते बारोत्तरे' अशी ओवी येते, म्हणजे इ.स. १२९०. नक्कल करणारा ती ओवीही उतरवतोच. मग दीड-दोनशे वर्षांची प्रत हातात धरून लोक म्हणतात, ही ज्ञानदेवांच्या काळातली! अंबाजोगाईच्या मुकुंदराजांच्या विवेकसिंधूचंही तेच, तिथं शके १११०. हा ग्रंथ रचल्याचा काळ झाला. प्रत कधीची, ते शेवटच्या पानावर उतरवणाऱ्यानं स्वतःची नोंद केली असेल तर तिथं सापडतं. तिथले शक, संवत्सर म्हणजे त्या वर्षाचं नाव, तिथी, वार एकमेकांशी जुळले पाहिजेत. संत एकनाथांनी पैठणला ज्ञानेश्वरी शुद्ध केली तो शक १५०६, संवत्सर तारण. साठ संवत्सरांच्या चक्रात मोजून बघा, बरोबर जुळतं. बनावट नोंद इथंच उघडी पडू शकते. कार्बन चाचणीचं म्हणाल, तर ती कागदाचं वय सांगते, त्यावर शाई कधी चढली ते नाही.

इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी बीडच्या पाटांगणातली ज्ञानेश्वरीची प्रत १९०९ साली छापली. ती नाथांच्या आधीची, असं त्यांचं म्हणणं. त्यावर अभ्यासकांत उघड वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. एवढ्या मोठ्या माणसाचा दावा तपासायचा, तर इतरांचा का सोडायचा?

फक्त दावा करणाऱ्याची टिंगल करू नये. ज्याची पोथी आहे त्याच्या शेजारी बसून, पान दाखवून सांगावं.

परभणीकडच्या एका घरातली महानुभाव पोथी कुणीतरी हजार वर्षांची ठरवली, किंमत कोटीत सांगितली. महानुभाव पंथच तेराव्या शतकातला, एवढं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. मी ज्या जाणकारांकडं गेलो, ते हसले आणि 'असल्यांच्या नादी लागू नका' म्हणाले. घरच्यांनी घाबरून पोथी पेटीत घातली, कुलूप लावलं, कुणाला बघू देईनात. चार वर्षांनी पेटी उघडली तेव्हा शेवटची पानं कसरीनं खाल्ली होती. उतरवणाऱ्याचं नाव-गाव असतं, तीच पानं.