आयसर की इंजिनिअरिंग, आणि इतिहासाचं काय?

बारावीचा रिझल्ट लागला की हा प्रश्न येतोच, सायन्स तर आवडतं पण नुसतं सायन्स नको, मग कुठलं कॉलेज बघू? यंदा माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या मुलीकडे दोन सीट होत्या, भोपाळच्या आयसरची (विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची केंद्रीय संस्था) बीएस-एमएस, म्हणजे सायन्सची पदवी आणि मास्टर्स एकत्र, आणि कॅपमधून, म्हणजे राज्याच्या सामाईक प्रवेशफेरीतून, पुण्यातलं इंजिनिअरिंग, मेकॅनिकल. शिवाय तिला इतिहासाचं वेड, मोडी वाचायला शिकलेली. बाबांचा कल पुण्याकडे होता, कारण उघड आहे, नोकरी.

आधी मी तिला कॉलेजांची माहितीपत्रकं बाजूला ठेवायला लावली. 'सर्वांगीण विकास' सगळेच छापतात हो, त्यात काही राम नाही. बघायचा तो क्रेडिट्सचा तक्ता, म्हणजे कुठल्या विषयाला किती वजन आहे ते. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाची देशपातळीवरची परिषद) २०१८ च्या मॉडेल करिक्युलममध्ये इंजिनिअरिंगच्या १६० क्रेडिट्सपैकी ह्युमॅनिटीज आणि मॅनेजमेंट मिळून १२ च्या आसपास, आणि कित्येक ठिकाणी त्यात कम्युनिकेशन स्किल्स नि मॅनेजमेंटच भरलेलं असतं. मायनर, म्हणजे जोडीचा दुसरा विषय, करता येतं पण त्याचे क्रेडिट्स बऱ्याचदा वरून घ्यायचे, म्हणजे प्रॅक्टिकल, सबमिशन सांभाळून. दुसरं काम दिलं ते दोन्हीकडच्या थर्ड इयरच्या मुलांना फोन करायचं (फर्स्ट इयरवाल्यांना नाही, त्यांना अजून सगळंच भारी वाटत असतं) आणि एकच विचारायचं, गेल्या वर्षी सायन्सबाहेरचा कुठला कोर्स केलास आणि त्यात काय वाचलंस? पुण्याच्या मुलाला आठवेना. भोपाळवाली बराच वेळ बोलली.

पण एवढ्यावर ठरवू नका असं मीच म्हटलं, कारण मोडीसाठी पुण्यासारखं गाव नाही. भारत इतिहास संशोधक मंडळ तिथं १९१० पासून आहे, तिथली कागदपत्रं काही भोपाळला मिळायची नाहीत. म्हणून मग प्रश्न उलटा केला, तुझ्या दोन आवडींपैकी कुठली कॉलेजशिवाय जगेल? तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, मोडी सुट्टीत पण वाचेन, क्वांटम मेकॅनिक्स रविवारी एकटीनं होणार नाही. मशीन्सचं काय, तर त्यात तिला फारसा रस नव्हताच, मेकॅनिकल घेतली होती ती 'फिजिक्सच्या जवळची' म्हणून. हे मात्र खूप मुलं करतात. मेकॅनिकलमध्ये फिजिक्स आहे, पण ते डिझाइन आणि मॅन्युफॅक्चरिंगच्या कामापुरतं.

तिला खरंच वस्तू बनवायला आवडत असतं तर मी बिनधास्त इंजिनिअरिंग म्हटलं असतं. पुढे फिजिक्सकडे वळायचं तर टीआयएफआरसारख्या (मुंबईतली मूलभूत संशोधनाची संस्था) ठिकाणी पीएचडीला इंजिनिअरही परीक्षा देऊन जातात, तो रस्ता बंद नसतो, फक्त फिजिक्सचा अभ्यास स्वतःच्या जिवावर करावा लागतो.

बाबांना मी गोड बोलून फसवलं नाही. बीएस-एमएस पाच वर्षांचं, कॅम्पस प्लेसमेंट कॉम्प्युटरवाल्यांसारखी नाही, बरीच मुलं पीएचडीला जातात म्हणजे कमाई उशिरा. गेट (एमटेक आणि काही सरकारी कंपन्यांसाठीची परीक्षा) देता येते, डेटाच्या नोकऱ्यांत पण मुलं जातात, पण ते आपोआप होत नाही. ते दोन दिवस बोललेच नाहीत म्हणे. मग फोन आला, भोपाळची फी भरली, आणि आता मेकॅनिकलची सीट कॅन्सल कशी करायची ते सांगा.