सहा जण, दोन टेबलं आणि एक किटली

प्रश्न असा आहे: सहा मित्र-मैत्रिणी दर शनिवारी रात्री बोर्ड गेम खेळायला जमणार, त्यातल्या दोघांना खेळायची सवय आहे, बाकीचे नवखे. कोणते गेम घ्यावेत, सोबत गरम प्यायला काय ठेवावं, आणि उत्तर देणाऱ्याचं स्वतःचं आवडतं काय?

गेम शेकड्यांनी मिळतात, त्याची काळजी नको. तुमची खरी अडचण आहे ती तुम्ही सहा जण आहात ही. नवख्यांना हमखास सुचवले जाणारे गेम उचला आणि खोक्यावरचा आकडा बघा. कॅटन 3 ते 4 जणांचा, पाच-सहा जणांसाठी वेगळी जोडणी विकत घ्यावी लागते. अझूल 2 ते 4, पँडेमिक 2 ते 4, कार्कासॉन आणि टिकिट टू राइड 2 ते 5. सहाव्याला कुठेच जागा नाही. बरं, जोडणी आणून सहाही जण बसवले असं धरू. एकेकाने दोनच मिनिटं घेतली तरी तुमचा टर्न परत यायला दहा मिनिटं लागणार. तेवढ्यात कुणीतरी मोबाइल काढतं, मग दुसरा काढतो, आणि "अरे, तुझा टर्न आहे" हे रात्रभर ऐकू येत राहतं. नवखा माणूस कंटाळतो तो नियमांना नाही, या ताटकळण्याला.

म्हणून माझं सरळ मत: दोन टेबलं मांडा, तीन-तीन जण बसा. ज्या दोघांना सवय आहे त्यांना एकाच टेबलावर बसू देऊ नका, एकेक जण वाटून घ्या. ते आपोआप नियम सांगणारे होतात आणि नियमपुस्तक मोठ्याने वाचून दाखवायचा रटाळ कार्यक्रम टळतो.

पहिल्या टेबलावर कार्कासॉन. क्लाउस-युर्गेन व्रेडे यांचा हा गेम 2000 साली आला, नाव दक्षिण फ्रान्समधल्या तटबंदीच्या शहराचं. पुठ्ठ्याच्या 72 चौकोनी फरशा, प्रत्येकीवर रस्ता, शहराचा तट, मठ, शेत यांचे तुकडे. एक फरशी उचलायची, आधीच्या चित्राला जुळेल अशी लावायची, वाटलं तर तिच्यावर आपला लाकडी माणूस उभा करायचा. एवढंच. पाच मिनिटांत कुणालाही कळतं, आणि अर्ध्या तासात प्रत्येकाच्या अंगातला खवचटपणा बाहेर यायला लागतो.

तो कसा, तर तुम्ही मस्त मोठं शहर बांधत आणलंय, तट बंद व्हायला एकच फरशी हवी आहे. समोरचा तुमच्या शहरात माणूस ठेवू शकत नाही, तसा नियमच आहे. मग तो काय करतो? एक घर सोडून स्वतःचं इवलंसं शहर सुरू करतो, त्यात माणूस उभा करतो आणि साळसूद चेहरा करून बसतो. पुढच्या टर्नला नेमकी फरशी येते आणि दोन्ही शहरं जोडली जातात. आता एका शहरात दोघांचा एकेक माणूस. बरोबरी झाली की दोघांनाही पूर्ण गुण, प्रत्येक फरशीमागे 2. तुमचं काही कमी होत नाही, त्यामुळे धड भांडताही येत नाही. फक्त तुम्ही राबलात आणि त्याने एका फरशीत निम्मी मालकी घेतली. ही चाल पहिल्यांदा अंगावर आली की नवखा माणूस खुर्चीत पुढे सरकून बसतो आणि पुढचा डाव स्वतःहून मागतो.

यात एक घरगुती नियम लावा: आपला टर्न संपला की लगेच पुढची फरशी उचलून हातात ठेवायची. इतर दोघं खेळेपर्यंत ती कुठे लावायची याचा विचार होऊन जातो. डोकं खाजवत बसणारा एकजण प्रत्येक कंपूत असतोच, त्याच्यावर हा जालीम उपाय आहे.

दुसऱ्या टेबलावर कॅटन. क्लाउस टॉयबर यांचा, 1995 चा. यात ताटकळणं फारसं जाणवत नाही, कारण दुसऱ्याच्या टर्नलाही तुम्हाला माल मिळू शकतो आणि सौदे तर सतत चालूच असतात. "दोन विटा देतो, एक मेंढी दे" यावर जी घासाघीस होते तिच्यासाठीच हा खेळायचा. पटावरच्या जागांवर आकडे असतात, फाशांवर तो आकडा पडला की त्या जागेला लागून घर असलेल्याला मालाचे पत्ते मिळतात. नवख्यांना सुरुवातीला एकच सांगा: दोन फासे टाकले की 36 शक्यता असतात. 6 येण्याच्या त्यातल्या पाच, 8 येण्याच्याही पाच, 12 ची मात्र एकच. घर मांडताना हे लक्षात ठेवलं की पुरे. सात सर्वांत जास्त वेळा पडतो, 36 मध्ये सहा, आणि सात पडला की चोर उठतो. ज्याच्या हातात सातपेक्षा जास्त पत्ते, त्याने अर्धे टाकायचे. पत्ते साठवून बसणाऱ्याला हा धडा फासेच देतात, आपण समजावायची गरज नाही.

पँडेमिकचं नाव तुम्हाला कुणीतरी सांगेलच. गेम उत्तम आहे, सगळे मिळून रोगाविरुद्ध खेळायचं. पण एक जाणता आणि दोन नवखे असं टेबल असेल तर जाणताच तिघांचे टर्न खेळतो. महिनाभर थांबा.

आता किटली. दोन टेबलांवरचे गेम एकाच वेळी संपत नाहीत, दहा-पंधरा मिनिटांचं अंतर राहतंच. ज्यांचं आधी आटपेल त्यांनी पाणी चढवायचं. दुसऱ्या टेबलाचा निकाल लागेपर्यंत कप भरलेले असतात, सगळे उठून उभे राहतात, कोण कसा जिंकला याच्या गप्पा होतात. माझ्या मते गरम पेयाची जागा तीच, दोन गेमच्या मधली. खेळता खेळता प्यायलं तर अर्धा कप थंड होऊन उरतो, हे तुम्हालाही दिसेल.

काय प्यावं, हे वेळ ठरवते. साधारण 240 मिली कॉफीत 95 मिलिग्रॅमच्या आसपास कॅफिन असतं, तेवढ्याच काळ्या चहात त्याच्या निम्मं. पोटात गेलेलं कॅफिन अर्ध्यावर यायला सरासरी पाच तास लागतात. माणसागणिक फरक पडतो. म्हणजे दहा वाजता घेतलेल्या कॉफीतलं निम्मं पहाटे तीनला अजून अंगात असतं. तेव्हा कॉफी जमल्या जमल्या, पहिला गेम मांडताना. चहा पहिल्या मध्यंतरात. त्यानंतर कॅफिन नसलेलं काहीतरी: कॅमोमाइल, पुदिन्याची पानं घातलेलं गरम पाणी, आलं-लिंबू. डिकॅफ कॉफीही चालेल, तिच्यात कॅफिन अगदी थोडं उरतं. ग्रीन टी हे झोपेचं पेय आहे असा बऱ्याच जणांचा समज असतो. त्यातही कॅफिन असतं, फक्त काळ्या चहापेक्षा कमी. आणि ग्रीन टीवर उकळतं पाणी ओतू नका. 75-80 अंशांवर आलेलं ओता, नाहीतर कडू होतो आणि दोष बिचाऱ्या चहाला जातो.

काळ्या चहाला उकळतं पाणी आणि तीन ते पाच मिनिटं. खेळणाऱ्यांकडून हमखास विसरतं ते पत्ती काढून घेणं. कॅटनचा सौदा रंगला की चहा पाण्यात वीस मिनिटं मुरतो, टॅनिन उतरतं आणि जीभ कोरडी पडते. फोनवर टायमर लावा. आणखी एक: ओतल्या ओतल्या पिऊ नका. 65 अंशांच्या वरची पेयं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2016 मध्ये "बहुधा कर्करोगकारक" गटात टाकली आहेत. पुढच्या गेमचे नियम सांगून होईपर्यंत कप खाली येतो प्यायच्या तापमानाला, वेगळं काही करावं लागत नाही.

माझं आवडतं विचारलंय म्हणून सांगते: हॉट चॉकलेट, तेही तयार मिश्रणातलं नाही. कपात दोन चमचे कोको पावडर, चवीपुरती साखर, मिठाची कणी. त्यावर फक्त दोन चमचे गरम दूध घालून चमच्याने घोटायचं, गडद चकचकीत लगदा होईपर्यंत. मग उरलेलं दूध थोडं थोडं करून ओतायचं. सगळं दूध एकदम घातलं तर पावडरीचे गोळे होतात, बाहेरून ओले, आतून कोरडे, आणि ते शेवटपर्यंत वर तरंगत राहतात. मिठाने कोकोचा कडवटपणा कमी लागतो. कोकोतही थोडं कॅफिन असतं, पण कॉफीच्या मानाने किरकोळच. गेम म्हणाल तर कार्कासॉन, हे वर लपलेलं नाहीच.

मध्यंतरानंतर मात्र सगळे एका टेबलावर या आणि कोडनेम्स काढा. तीन-तीन जणांच्या दोन टोळ्या, त्यामुळे सहा हा आकडा इथे अगदी चपखल बसतो. मधे 25 शब्द मांडलेले. तुमचा म्होरक्या एक शब्द आणि एक आकडा सांगणार, बाकीच्यांनी आपले शब्द ओळखायचे. छापील पत्ते बाजूला ठेवून चिठ्ठ्यांवर मराठी शब्द लिहा, फार धमाल येते. "मिशा, दोन" असा संकेत मांजर आणि राजा यांच्यासाठी द्यावा आणि आपल्याच टोळीतल्या कुणीतरी आत्मविश्वासाने "झुरळ" वर बोट ठेवावं. त्यात झुरळच नेमका मारेकरी, म्हणजे चुकूनही बोट ठेवायचं नाही तो शब्द, निघाला तर डाव तिथेच खल्लास.

कप टेबलावर नको, शेजारी थोडं बुटकं स्टूल ठेवा. हात आडवा गेला तर सांडेल ते जमिनीवर, गेमच्या फरशांवर नाही. तरी पत्त्यांवर सांडलंच तर पुसू नका, टिपून घ्या. घासलं की छपाई निघते. दूध-साखरेचं असेल तर आधी किंचित ओल्या फडक्याने चिकटपणा टिपा. पत्ते एकेक सुटे करून टिपकागदात घाला आणि जाड पुस्तकाखाली दाबून ठेवा, दुसऱ्या दिवसापर्यंत. उन्हात वाळवले तर वाकडे होतात.

राहिलं मोनोपॉली. तुम्ही म्हणाल, त्या खोक्यात तर सहाही जण मावतात आणि ते घरात पडूनच आहे. काढायचंच असेल तर छापील नियमांनी खेळा: जागेवर आलेल्याने ती विकत घेतली नाही की तिचा लिलाव करायचा, आणि फ्री पार्किंगवर पैसे ठेवायचे नाहीत. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात आणि गेम लांबतो म्हणून ओरडतात. पण नियम पाळले तरी दिवाळं निघालेला माणूस बाहेर बसतो, बाकीचे पुढे तासभर खेळत राहतात. तुमच्यात चार नवखे आहेत. पहिल्या काही शनिवारी तो खोका माळ्यावरच असू द्या.