‘प्रभू येणार आहे’ की ‘देव येऊलालाय’?

खानापूर तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. नाताळाआधीच्या आगमनकाळासाठी चर्चच्या दारात लावायच्या फलकावर त्यांनी ‘प्रभू येऊ लागला आहे’ असं लिहिलं. घरात आजी ‘देव येऊलालाय’ म्हणते, तेच जरा शुद्ध करून. पुण्याहून आलेले पाहुणे ते वाचून हसले आणि म्हणाले, ‘येणार आहे’ लिहा. ताई विचारतात, यातलं बरोबर काय? आणि शास्त्रात, म्हणजे बायबलात, तर नुसतं ‘येतो’ आहे, ते कसं?

ताई, पाहुण्यांचं हसू समजण्यासारखं आहे. त्यांची दुरुस्ती मात्र मी घेणार नाही.

आधी हसण्याचं बघू. पुण्याच्या कानाला ‘येऊ लागला आहे’ म्हणजे आधी येत नव्हता, हल्ली येतोय. ‘धाकटा शाळेत येऊ लागला आहे.’ ‘भावजी परत घरी येऊ लागले आहेत.’ तेव्हा तुमचा फलक वाचून त्यांच्या डोळ्यांपुढे काय आलं असेल ते तुम्हीच ताडा: इतके रविवार उपासनेला दांडी मारणारा प्रभू गेल्या महिन्यापासून नियमित हजर!

आजीच्या ‘येऊलालाय’त ही छटा औषधालाही सापडणार नाही. ‘येऊ लागला आहे’ हेच झिजून ‘येऊलालाय’ झालं, पण झिजता झिजता अर्थही सरकला. बेळगाव-खानापूर-चंदगड पट्ट्यात ‘काय करूलालास?’ म्हणजे ‘काय करतोयस?’, ‘पाऊस पडूलालाय’ म्हणजे पाऊस पडतोय. आरंभाचा अर्थ गळाला, चालू क्रिया उरली. यामागे शेजार आहे असं माझं मत. इकडच्या कानडीत ‘बराकत्तान’ म्हणजे येतोय, ‘माडाकत्तान’ म्हणजे करतोय. त्यात दडलेला ‘हत्तु’ म्हणजे चढणे, लागणे. क्रियापदाला ‘लागणे’ जोडून चालू काळ करायचा, हीच ती रीत. एकाच बाजारात, एकाच तोंडून दोन्ही भाषा निघतात तिथं असं व्हायचंच. (म्हैसूरकडची मंडळी ‘बरुत्तिद्दाने’ म्हणतात आणि धारवाडकडच्या ‘बराकत्तान’ला हसतात. म्हणजे हसू आपल्याच वाट्याला आलंय असं नाही.)

फरक कानावर पडायला हवा असेल तर खानापूर स्टेशनवर उभ्या राहा. लोंढ्याकडून येणारी गाडी. कुणी विचारलं, ‘गाडी कधी?’ आणि उत्तर आलं ‘येणार हाय’, तर बाकड्यावरची बाई हलत नाही. चंची उघडून पान लावते. पण रुळाकडं वाकून बघणारं पोरगं ओरडलं, ‘गाडी येऊलाल्याऽ!’ की तीच बाई चंची कनवटीला खोचते, पाटी कमरेवर घेते, नातवाचा हात धरते. गाडी अजून दिसलेलीही नसते. आलेली नाही, पण येण्याची क्रिया सुरू आहे, आणि त्या क्रियेनं फलाटावरचा प्रत्येक हात कामाला लावलाय. तुमच्या आजीला देवाबद्दल नेमकं हेच म्हणायचं असणार.

‘येणार’ व्याकरणानं निर्दोष आहे. पण ‘-णार’ला एक सैलपणा आहे. रस्ता होणार, नळाला पाणी येणार. आम्हा सीमाभागातल्या माणसांचा तर या ‘-णार’शी जुना हिशेब आहे. १९५६ला राज्यांची पुनर्रचना झाली, १९६६ला सीमावादावर महाजन आयोग नेमला गेला, २००४ला महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. निकाल लागणार, निकाल लागणार, ऐकत माझ्या पिढीचे केस पिकले. त्यातच भात लावलं, पोरं शिकवली, पोरींची लग्नं केली, कानडीत अर्ज लिहायलाही शिकलो. निकालाचं काय व्हायचं ते होईल. पण वाट बघता बघता जगायचं कसं, हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही.

आता शास्त्रातला ‘येतो’. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात ‘मी लवकर येतो’ असं आहे. मूळ ग्रीकमध्ये ‘एर्खोमाय’ हा शब्द, आणि तो वर्तमानकाळी आहे. भविष्यकाळाचं वेगळं रूप त्या भाषेत असताना इथं वर्तमान वापरलाय. योहानाच्या शुभवर्तमानाच्या १४व्या अध्यायात येशू शिष्यांचा निरोप घेताना म्हणतो ते ग्रीकमध्ये शब्दशः ‘जातो आणि तुमच्याकडे येतो’ असं आहे; दोन्ही क्रियापदं वर्तमानात. इंग्रजीवाल्यांना यावर टीप लिहावी लागते. मराठी माणसाला कशाला लागेल? आपण उंबऱ्यावर दुसरं म्हणतो तरी काय? ‘जातो’ तोंडातून गेलं तर घरातून लगेच हाक येते, ‘जातो म्हणू नये रे, येतो म्हण.’ आणि कानडी शेजारी? ‘होगि बर्तीनि.’ जाऊन येतो. या दोन भाषांत वाढलेल्या माणसाला ‘मी लवकर येतो’ हे भाकीत आहे असं वाटतच नाही. तो निरोप वाटतो, आपल्याच माणसानं चप्पल घालता घालता दिलेला. ‘येतो’ म्हणून गेलेल्या माणसाच्या वाटणीचं ताट घरात असतंच. तो आज येईल की आठवड्यानं, हा वेगळा प्रश्न.

(एकेरीबद्दलही तुमच्या पाहुण्यांनी काही म्हटलं असेल तर सांगा, विठ्ठलालाही आपण ‘ये’ असंच बोलावतो.)

याहून गमतीचा शब्द प्रेषित पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या शेवटी आहे: ‘मारानाथा’. आपल्या कानाला तो ‘एकनाथा’, ‘दीनानाथा’सारखा वाटतो, कुणा नाथाला मारलेली हाक. मी लहानपणी बरीच वर्षं तसंच समजत होतो, आणि त्यातला ‘मारा’ खटकायचाही. शब्द अरामी आहे, येशूच्या बोलीतला, आणि ग्रीक पत्रात तसाच्या तसा ठेवलेला. अरामी न बोलणाऱ्या करिंथच्या मंडळीलाही तो तसाच कळत होता, म्हणजे प्रार्थनेत तो चांगलाच रुळलेला असणार. आता तो तोडायचा कुठं? जुन्या हस्तलिखितांत शब्दांमध्ये जागा सोडत नसत. ‘मारान अथा’ असा तोडला तर ‘आमचा प्रभू आला आहे’. ‘माराना था’ असा तोडला तर ‘आमच्या प्रभू, ये’. बरेच अभ्यासक दुसरी फोड धरतात, कारण प्रकटीकरणाच्या शेवटीही ‘ये, प्रभू येशू’ अशीच हाक आहे. मला मात्र ही अडचण सुटू नये असंच वाटतं. आला आहे आणि ये, दोन्ही एका श्वासात. नाताळात गाईच्या गोठ्यातलं बाळ मांडायचं आणि त्याच महिन्यात ‘तुझे राज्य येवो’ म्हणायचं, यात विसंगती शोधणाऱ्याला मी तो एक शब्द दाखवतो.

‘आगमनकाळ’ शब्दाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. लॅटिन ‘आदवेन्तुस’चं हे सरळ भाषांतर, अर्थ येणं. नाताळाआधीचे चार रविवार त्यात येतात. पण प्रभूच्या पुन्हा येण्याला आपण ‘द्वितीयागमन’ असं जड नाव दिलंय, त्याचा ग्रीक शब्द ‘पारूसिया’, आणि त्याचा धात्वर्थ ‘जवळ असणं’. राजाची स्वारी गावात येते त्यालाही पारूसिया म्हणत, आणि नुसत्या हजेरीलाही. पौल फिलिप्पैकरांना लिहितो, मी तुमच्याजवळ असताना जसे वागलात तसेच मी नसतानाही वागा. तिथं ‘असताना’साठी हाच शब्द आहे. मराठीत ‘आगमन’ म्हटलं की यातलं असणं सांडतं आणि नुसता प्रवास उरतो.

आता खरी मेख ‘वाट’ची. मराठीत वाट बघतात, कानडीतही ‘हादि नोडु’, रस्ता बघणे. हिंदीतही ‘राह देखना’ आहे, पण रोजच्या ‘इंतजार’मध्ये रस्त्याचा पत्ता नाही. आपल्या दोन्ही भाषांत डोळा रस्त्यावर असतो. पण मराठीत एक खोडी आहे: ‘वाट बघणे’ला ‘बसणे’ चिकटलं की सगळं बिघडतं. ‘वाट बघत बसलाय’ यात कौतुक नाही, टोमणा आहे. थेस्सलनीकाच्या मंडळीत नेमकं हे बसणं शिरलं होतं. काही जणांनी कामधंदा टाकला, दुसऱ्याच्या जिवावर खायला लागले. पौलाचं त्यांना दुसऱ्या पत्रातलं उत्तर रोखठोक आहे: ज्याला काम करायचं नाही त्यानं खाऊही नये. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात, येशू दृष्टीआड झाल्यावर वर बघत राहिलेल्या शिष्यांनाही हटकलं जातं, आकाशाकडं काय बघत उभे राहिलात?

माझे वडील लोंढ्याला रेल्वेत होते. रात्रपाळीला निघताना ‘येतो गं’ म्हणायचे. परतायची वेळ नक्की नसे. मालगाडी घाटात अडकली की दुसरी दुपार. आई दारात बसलेली मला आठवत नाही. जेवणं झाली की ती चुलीतला एक जाड निखारा चिमट्यानं उचलून कोपऱ्यात न्यायची, वर राख ओढायची, हातानं दाबायची, आणि निजायची. पहाटे कडी वाजली की राख बाजूला, दोन फुंकरी, वर चहाचं पातेलं. वडिलांना यायला दोन दिवस लागले तर दोन रात्री निखारा बदलायची. हे ती वाट बघतेय असं आम्हाला कधी वाटलं नाही, कारण मधल्या वेळात ती शेण काढत होती, भात कांडत होती, आमच्या पाठीत धपाटे घालत होती.

येशूनं शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत ‘तुझे राज्य येवो’नंतर फार वेळ न लावता ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ येतं. त्यातल्या ‘रोजची’साठीचा ग्रीक शब्द ‘एपिऊसियोस’ जुन्या ग्रीकमध्ये या प्रार्थनेबाहेर जवळपास सापडतच नाही, म्हणून त्याच्या अर्थावर शतकानुशतकं खल चालू आहे. कुणी म्हणतं रोजची, कुणी गरजेपुरती, कुणी उद्याची, म्हणजे येणाऱ्या दिवसाची. जेरोमने लॅटिनमध्ये उतरवताना हाच शब्द मत्तयात एक आणि लूकात दुसरा असा वेगवेगळा केला. मराठीकारांनी ‘रोजची भाकर’ केलं, ते मला तरी आवडतं. उद्याची भाकर आज दे, असंही कुणी वाचलं तर आमच्या घरात तेही चाललं असतं. रात्रीची भाकरी पहाटे चहात बुडवून खाल्लेले आम्ही.

तर फलक. ‘येऊ लागला आहे’ खोडा. प्रमाण मराठीत त्याचा अर्थ वेगळा होतो. ‘येणार आहे’ लिहू नका, ते स्टेशनवरच्या बाईला जागचं हलवणार नाही. ‘प्रभू येत आहे’ लिहा, पाहुण्यांनाही चालेल आणि मूळ ग्रीकलाही धरून राहील. आणि जागा उरली तर खाली लहान अक्षरांत आजीचं ‘देव येऊलालाय’ तसंच्या तसं, एका शब्दात, ‘ऊ’ दीर्घ. ते शुद्ध करायला जाऊ नका.

एक विचारायचं राहिलं. आजी ‘येऊलालाय’च म्हणते ना? नंदगडकडच्या एका मित्राच्या तोंडी मी ‘येवलालाय’ ऐकलंय. तुमच्या गावात कोणतं, आणि बायांच्या-पुरुषांच्या बोलण्यात फरक पडतो का, तेवढं आजीला विचारून कळवा.