कॉलेजच्या सुवर्णमहोत्सवाला आर्मीची ड्रिल टीम बोलवायची आहे. परवानगी कुठून मिळते, खर्च किती येतो आणि स्टेज केवढं लागेल?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. स्टेज बांधूच नका. ड्रिल म्हणजे रायफली घेऊन एका तालात केलेली कवायत, ती स्टेजवर होत नाही. प्लायवूडवर कार्पेट टाकलं की बुटाचा आवाज मरतो आणि आवाज मेला की ड्रिल मेलं, एवढं एक वाक्य जरी तुमच्या आयोजन समितीच्या डोक्यात बसलं तरी अर्धं काम झालं.

मी आर्टिलरीतून हवालदार म्हणून रिटायर झालो, नोकरीतली बरीच वर्षं नाशिकरोडच्या ट्रेनिंग सेंटरला ड्रिल उस्ताद, म्हणजे ड्रिल शिकवणारा होतो. नंतर गावाकडे, सातारा जिल्ह्यातल्या एका शिक्षणसंस्थेत क्रीडा विभागात लागलो. त्या संस्थेच्या अमृतमहोत्सवाला आम्ही एका रेजिमेंटल सेंटरची ड्रिल टीम बोलवली होती आणि मैदानाची सगळी जबाबदारी माझ्याकडे होती. त्यावरून आमच्या तेव्हाच्या अध्यक्षांचं आणि माझं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही, परवा एका लग्नात त्यांनी पुन्हा चारचौघांत तोच विषय काढला, म्हणून तुमचा प्रश्न बघून सविस्तर लिहायला बसलो.

टीमचे सुभेदार साहेब दोन जवान घेऊन आदल्या दिवशी दुपारीच आले. चहा नको म्हणाले, आधी मैदान दाखवा. आम्ही दोन जागा ठेवल्या होत्या, एक मुख्य इमारतीसमोरचं शहाबादी फरशीचं आवार आणि दुसरं मागचं मुरमाचं मैदान. अध्यक्षांना आवार हवं होतं कारण मागे संस्थेचं नाव फोटोत येतं. साहेब ड्रिलचे बूट घालून फरशीवर चार पावलं चालले, टाच मारली आणि नको म्हणाले. बुटाला टाचेला लोखंडी नाल आणि तळाला खिळे असतात, गुळगुळीत फरशीवर ते घसरतात, आणि त्यात आमच्या मुलींनी कडेने हौसेने मोठी रांगोळी काढायला घेतलेली. रांगोळीची पावडर बुटाखाली आली तर जवान संगीन लावलेल्या रायफलीसकट आडवा होईल. हे मी समितीच्या मीटिंगमध्ये दोनदा सांगितलं होतं, तेव्हा कोणी मनावर घेतलं नाही, साहेबांनी टाच मारून दाखवल्यावर पटलं.

मग मागचं मैदान ठरलं. तिथे साहेब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावलं मोजत गेले, तीस इंचाचं पाऊल, आपल्याकडे तेज चालचं, म्हणजे क्विक मार्चचं, तेच माप आहे. जाताना वाकून वाकून खडे उचलत होते, आणि त्यांच्या हाताला मांडववाल्याचे खिळे लागले, मूठभर. मांडव मागच्या आठवड्यात तिथेच उभा होता. त्यांनी ते खिळे माझ्या हातात ठेवले, काही बोलले नाहीत. संध्याकाळी आम्ही एनसीसीची पोरं रांगेत लावून अख्खं मैदान हाताने वेचलं, मग रोलर फिरवला, मग टँकरने पाणी मारलं. शिवाय मैदानावर आडव्या बांधलेल्या पताका उतरवल्या. रायफल हवेत फिरवून फेकतात तेव्हा ती डोक्याच्या बरीच वर जाते, पताकेच्या दोरीत संगीन अडकली तर ती कोणाच्या खांद्यावर येईल सांगता येत नाही. अध्यक्ष म्हणाले पताकांशिवाय मैदान भुंडं दिसतंय. मी म्हणलं दिसू दे.

रायफलींसाठी वेगळी खोली लागते, एकच दार असलेली, खिडकीला गज असलेली, आणि तिच्यावर त्यांचाच संत्री, म्हणजे पहारेकरी उभा राहतो, तुमचा वॉचमन चालत नाही. ही खोली व्हीआयपी लाउंजपासून लांब ठेवा. आमच्याकडे एका संचालकांना नातवाच्या हातात रायफल देऊन फोटो काढायचा होता. नाही म्हणायचं, सरळ तोंडावर. तुम्ही नाही म्हणला नाहीत तर ती पाळी बिचाऱ्या जवानावर येते आणि तो पाहुणा असल्यामुळे अवघडतो.

औक्षण करणार असाल तर टीम साध्या कपड्यात गाडीतून उतरते तेव्हा करा. ड्रेस चढवल्यावर अजिबात नाही. पांढरे पट्टे, पांढरे हातमोजे, त्यावर कुंकवाचं एक बोट लागलं तरी तो जवान लाइनीत उभा राहू शकत नाही, आणि ते पट्टे पांढरे करण्यात त्यांची आदली रात्र गेलेली असते. गुलाल तर मैदानाच्या आसपास नको. फुलं उधळायची हौस असेल तर टीम मैदान सोडून गेल्यावर उधळा, ओल्या पाकळ्या बुटाखाली केळाच्या सालीसारख्या होतात.

आता मूळ भांडण.

कार्यक्रम दहाचा. प्रमुख पाहुणे, नाव लिहीत नाही, साडेअकरापर्यंत यायचेच होते. फेब्रुवारी असला तरी आमच्याकडे अकरा वाजता मुरमाच्या मैदानावर ऊन लागायला लागतं. अध्यक्षांचं म्हणणं असं की टीमला आत्तापासून गेटपाशी दोन रांगांत उभं करा, पाहुण्यांची गाडी आली की सलामी शस्त्र, म्हणजे रायफलीने सलामी, मग पाहुणे मधून चालत येतील, व्हिडिओ एकदम भारी होईल. मी म्हणलं साहेब, असं होत नाही. सलामी गारद (गार्ड ऑफ ऑनर) कोणाला द्यायची याचा प्रोटोकॉल ठरलेला आहे, राष्ट्रपती, राज्यपाल अशा पदांना ती मिळते, आपण पत्रिकेत ज्याचं नाव मोठं छापलं त्याला नाही. टीम प्रात्यक्षिक दाखवायला आली आहे, स्वागताला नाही. ते म्हणाले एवढं काय, दोन मिनिटांचं काम आहे, तुम्ही त्या सुभेदाराला सांगा, तुमचं ऐकतील. मी सांगितलं नाही. जे मागायलाच नको ते मी माझ्या तोंडाने मागणार नव्हतो, आणि मागितलं असतं तरी साहेबांनी दिलं नसतं. टीमला मी सातवीच्या वर्गात पंख्याखाली बसवलं आणि पाहुणे खुर्चीवर बसल्याशिवाय कोणाला बाहेर काढायचं नाही असं साहेबांशी ठरवलं. तेव्हापासून अध्यक्षांचा राग.

दुसरं झालं ते आवाजावरून. आपल्या लोकांनी वाघा-अटारीचं बघितलेलं असतं, तिथे घोषणा, टाळ्या, गाणी सगळं चालतं, गर्दीने ओरडायचं हाच त्या सोहळ्याचा भाग आहे. तो सरहद्दीवरचा सोहळा 1959 पासून चालत आलेला, आज तो बीएसएफ म्हणजे सीमा सुरक्षा दल करतं, त्याची जागा वेगळी. ही जी शब्दाविना ड्रिल असते, जिला कंटिन्युइटी ड्रिल म्हणतात, तिच्यात हुकूम नसतो. एकदा सुरू झाली की कोणी काही बोलत नाही. जवान डोळे समोर ठेवतो, शेजारच्याकडे बघत नाही, मग टायमिंग कुठून येतं? कानातून. मिनिटाला 120 पावलं, म्हणजे अर्ध्या सेकंदाला एक टाच, आणि मधे रायफलीच्या लाकडावर पडणारी हाताची थाप. मनात एक, दो-तीन, एक चालू असतं आणि ते बरोबर आहे का हे कान सांगतो. त्यावर तुम्ही लाउडस्पीकरने वेगळ्या ठेक्याचं गाणं लावलंत तर तुम्ही त्यांचा आधारच काढून घेतलात. शाळेची इमारत समोर असेल तर तेच गाणं भिंतीवर आपटून उशिरा परत येतं, मागच्या रांगेला दोन गाणी ऐकू येतात.

साउंडवाल्या पोराला मी आदल्या रात्री बजावलं होतं, टीम मैदानात आली की सगळं बंद, मी हात वर केल्याशिवाय माइक चालू करायचा नाही. टीम आली, पहिली चार-पाच मिनिटं झाली, तीन-चार हजार माणूस एकदम गप्प, नुसत्या टाचा ऐकू येत होत्या. अध्यक्षांना ते गप्पपण सहन झालं नाही. त्यांना वाटलं लोक कंटाळले. त्यांनी स्वतः साउंडवाल्याकडे जाऊन देशभक्तीपर गाणं लावायला सांगितलं, आणि निवेदकाने त्यात भर घातली, हे पाहा आपले वीर जवान वगैरे. मी मैदानाच्या त्या बाजूला, पळत येईपर्यंत अर्धं कडवं गेलं. तेवढ्यात मागच्या रांगेतली एक थाप किंचित मागे पडली. लोकांना कळलं नसेल, मला कळलं. आणि मग उजव्या टोकाचा जवान, तो त्यांचा मार्कर, म्हणजे बाकीचे ज्याच्यावरून रांग धरतात तो, त्याने टाच एकदम जोरात मारायला सुरुवात केली, प्रत्येक पाऊल, जेणेकरून बाकीच्यांना गाण्याच्या वर त्याचा बूट ऐकू यावा. पुढच्या काही पावलांत सगळे परत त्याच्या बुटावर आले. तो एकवीस-बावीस वर्षांचा पोरगा असेल. मी आयुष्यभर ड्रिल शिकवलं, तरी ते बघून माझा गळा भरून आला.

गाणं मी वायर उपसून बंद केलं. सगळ्यांसमोर. अध्यक्षांचा अपमान झाला असं त्यांचं म्हणणं आहे, त्याला माझं उत्तर तेव्हा होतं तेच आज आहे, हवेत संगिनी फिरत असताना मानापमान बघायचा नसतो.

नंतर जेवणात तिसरा प्रकार. पाहुण्यांना आणि टीमबरोबरच्या अधिकाऱ्यांना हॉलमध्ये पंगत, जवानांना पाकिटं. आमच्या जिल्ह्यात अपशिंगेसारखी गावं आहेत, ज्यांच्या नावातच मिलिटरी लागतं, घराघरातून माणूस फौजेत गेलेला, आणि तिथल्या संस्थेने जवानांना पाकिटं द्यायची? स्वयंपाकघरातल्या बायकांनीच ते मोडलं, पाकिटं बाजूला ठेवली आणि वर्गात पंगत धरली, पुरणपोळी वाढली. जेवण ड्रिलनंतर ठेवा हेही लक्षात असू द्या, आधी हलकं काहीतरी आणि पाणी, पोटभर जेवून कोणी रायफल फेकत नाही.

अध्यक्षांचं वाक्य असं आहे की पंधरा मिनिटांच्या आयटमसाठी एवढे नखरे, त्यापेक्षा ढोलताशा पथक आणलं असतं तर जास्त टाळ्या पडल्या असत्या. तर पथकच आणा ना. मी खरंच सांगतो, ज्यांना आवाज आणि गर्दी हवी आहे त्यांनी पथक आणावं, त्यात कमीपणा काही नाही, उत्तम पथकं आहेत आपल्याकडे. मराठा लाइट इन्फंट्रीचं स्वतःचं झांजपथक आहे, ते बघाल तर मैदान हलतं, तिथे खुशाल ओरडा. पण ड्रिल टीम बोलवली तर ती आयटम नाही. तिला साफ जमीन, ठरलेली वेळ आणि शांतता द्यायची, बाकी तिला तुमच्याकडून काही नको असतं.

आता परवानगी. संस्थेच्या लेटरहेडवर पत्र, जवळच्या लष्करी स्टेशन हेडक्वार्टरला किंवा थेट संबंधित रेजिमेंटल सेंटरला, आणि एक प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात द्या, ते लोक मार्ग सांगतात. पत्रात कार्यक्रम काय, पाहुणे कोण, तिकीट आहे का, मैदानाचं माप, हे सगळं खरं लिहा. राजकीय वास आला तर विसरा, आणि निवडणूक आचारसंहितेच्या आसपास तारीख धरूच नका. काही महिने आधी लिहा. डिसेंबरचा शेवट आणि जानेवारी मागू नका, 15 जानेवारीचा आर्मी डे (2025 ला तो पुण्यात खडकीला झाला होता, तुमच्यापैकी कोणी बघितला असेल), मग 26 जानेवारी, मग 29 चं बीटिंग रिट्रीट, म्हणजे दिल्लीतला समारोपाचा सोहळा, या काळात चांगले ड्रिलवाले सगळे सरावात असतात. एनसीसीची निवडक पोरंही तेव्हा दिल्लीत कॅम्पला असतात.

खर्चाचं म्हणाल तर आमच्याकडे टीमने मानधन मागितलं नव्हतं, राहणं, जेवण, मैदान, मांडव हा आमचा खर्च होता. तुमच्या वेळी काय ते मंजुरीच्या पत्रात लिहून येईल, तेच धरा, माझं नका धरू.

माझा अनुभव आर्मीचा आहे हेही सांगून ठेवतो. वायुसेनेची एअर वॉरियर ड्रिल टीम आहे, 2004 साली उभी राहिली, पण ती अख्ख्या देशात फिरते त्यामुळे तारीख मिळणं अवघड. नौदलाची ड्रिल बघायची तर नौदल दिनाच्या सुमारास मुंबईत गेटवेला जा, तिथे बोलवायची भानगड नाही, बघायला मिळते. आणि मंजुरी आली तरी ऐनवेळी ड्युटी निघाली तर टीम येणार नाही, त्याबद्दल कोणाला बोल लावू नका. आपल्याच एनसीसीच्या पोरांचा एक स्क्वॉड आधीपासून तयार ठेवा, चांगला उस्ताद मिळाला तर सहा महिन्यांत साधी कंटिन्युइटी पोरं करतात, संगीन न लावता अर्थातच.

मैदानाला पाणी आदल्या संध्याकाळी मारा. सकाळी मारलं तर चिखल बुटाला लागतो आणि टाच वाजत नाही. साउंडवाल्याच्या शेजारी तुमचा एक खमका माणूस बसवा, जो अध्यक्षांनाही नाही म्हणेल.